घटिकापात्र ते काचेचा पडदा

उज्जैन शहरात वेळ सांगणाऱ्या दोन जागा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. एक क्षिप्रेच्या बाजूस जयसिंगपुऱ्यातील वेधशाळा आणि दुसरी रेल्वेमार्गापलीकडील फ्रीगंज भागातील टॉवर चौक. वेधशाळेत दगडी भिंतीची सावली वेळ दाखविते, चौकात मनोऱ्यावरील घड्याळाचे काटे. टॉवरचे घड्याळ अगदी बिनचूक लावलेले असले, तरीही एकाच क्षणी दोन्हीकडे पाहता आल्यास त्या वेळा जुळावयाच्या नाहीत. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सावली बारा दाखवीत असता घड्याळात १२ वाजून ४१ मिनिटे झालेली असतात. नोव्हेंबरच्या आरंभी हेच अंतर साडेदहा मिनिटांवर येते. बिघाड सावलीत नाही आणि काट्यांतही नाही. दोन्ही साधने आपापल्या परीने खरेच बोलत असतात. प्रश्न असा उरतो की, त्यांचे बोलणे उमजून घेण्याचे कष्ट कोणी करावेत? साधन घडविणाऱ्याने, की ते वापरणाऱ्याने?

आजच्या काळात या प्रश्नाचे एक स्वतंत्र शास्त्र झाले आहे. डोनाल्ड नॉर्मन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली नित्याच्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिले. ढकलावयाचे दार माणूस ओढू लागला, तर दोष माणसाचा मानू नये, दाराच्या घडणीचा मानावा, असा त्याचा रोख होता. पुढे १९९३ साली हाच गृहस्थ अ‍ॅपल या संगणक कंपनीत गेला आणि ‘वापरणाऱ्याचा अनुभव’ हे शब्द त्याने आपल्या हुद्द्यातच घालून घेतले. त्याच्याही तीस वर्षे आधी, १९५८ साली, चार्ल्स आणि रे ईम्स हे दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले होते. आपल्या अहवालात त्यांनी सर्वांत अधिक वाखाणणी केली ती लोट्याची. किती पाणी मावावे, भरलेला लोटा डोक्यावर, कमरेवर वा हातात कसा पेलावा, धार कशी पडावी, आतून हात घालून तो घासता यावा की नाही, अशा शेकडो प्रश्नांची उत्तरे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने त्या एका आकारात साठविली आहेत, हे त्यांनी ओळखले होते. या अहवालातूनच १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

लोट्याचाच एक धाकटा भाऊ शोभेल असे भांडे आपल्या देशात शेकडो वर्षे वेळ मोजीत होते. त्याचे नाव घटिकापात्र. तांब्याची पातळ वाटी, तिच्या बुडाशी सुईच्या अग्राएवढे छिद्र. ही वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात अलगद सोडावयाची. छिद्रातून पाणी आत चढत जाई आणि बरोबर चोवीस मिनिटांनी वाटी बुडे. ती एक घटका. अशा साठ घटकांचा एक अहोरात्र, आणि एका घटकेची साठ पळे. ‘घटका भरली’, ‘घटका मोजीत बसला’ असे आपण आजही बोलतो, ते याच वाटीच्या स्मरणाने. ज्याला आपण घड्याळ म्हणतो त्याच्या नावातही तीच घटी लपलेली आहे. जुन्या पद्धतीच्या लग्नात मुहूर्तासाठी घंगाळात घटिकापात्र ठेवीत आणि घरचे जोशीबुवा त्याच्यापाशी डोळ्यांत तेल घालून बसत.

तथापि वाटी बुडाली, हे जवळ बसलेल्यालाच कळणार. गावाला ते कळावे म्हणून घडियाल आले. उंच जागी टांगलेली, दोन बोटे जाड अशी पितळेची थाळी, आणि तिच्यावर टोल देणारे पगारी घडियाली. मोगल बादशाहीचा संस्थापक बाबर याने आपल्या आत्मचरित्रात, हिंदुस्थानचे वर्णन करताना, या व्यवस्थेची बारकाईने नोंद केली आहे. पहिली घटका भरली की एक टोल, दुसरीला दोन, याप्रमाणे प्रहर संपेपर्यंत टोल वाढत जात. प्रहर पुरा झाला म्हणजे भराभर पुष्कळ ठोके देऊन मग कितवा प्रहर झाला त्याचे टोल देत. दिवसाचे चार प्रहर, रात्रीचे चार. हिशेब चोख होता. त्यात गणिताची चूक काढावयास जागा नव्हती.

परंतु बाबराला त्यात एक उणीव दिसली, आणि ती गणिताची नव्हती. मध्यरात्री एखाद्याची झोप चाळवली आणि त्याने तीन टोल ऐकले, तर त्याला काय कळणार? तीन घटका झाल्या हे खरे, पण त्या कोणत्या प्रहराच्या? रात्र नुकतीच सुरू झाली आहे की सरत आली आहे? प्रहर बदलेपर्यंत जागे राहावे, तेव्हा कोठे उलगडा व्हावयाचा. बाबराने हुकूम केला की, रात्री, तसेच ढगाळ दिवशी, घटकांचे टोल दिल्यावर क्षणभर थांबावे आणि मग प्रहराचा आकडाही वाजवावा. म्हणजे पहिल्या प्रहराच्या तीन घटका झाल्या, तर तीन टोल, विराम, आणि मग एक टोल. केव्हाही जाग आली तरी ऐकणाऱ्याला पुरती वेळ कळू लागली. ही योजना फार चांगली ठरली, असे तो समाधानाने लिहितो.

सोळाव्या शतकातील या लहानशा फेरफारात नव्या शास्त्राचे सारे मर्म सापडते. बाबराने नवे यंत्र आणविले नाही, थाळी बदलली नाही, घटकेचे मापही बदलले नाही. त्याने अर्धवट झोपेतील माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले आणि त्याच्या मनात उठणारा प्रश्न ओळखला. घडियालीला प्रत्येक वेळी दोनचार टोल अधिक द्यावे लागले. तेवढ्या श्रमात हजारो घरांतील संभ्रम दूर झाला.

आता बाबरानंतर दोन शतके पुढे यावे लागेल. उज्जैन ही कालगणनेची नगरी. प्राचीन सिद्धांतग्रंथांनी रेखांश मोजावयास आरंभ केला तो अवंतीच्या, म्हणजे याच नगरीच्या मध्यरेषेपासून. कर्कवृत्तही येथून अगदी जवळून जाते. आंबेरचा राजा सवाई जयसिंग (१६८८–१७४३) हा माळव्याचा सुभेदार होता. त्याने दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा उभारल्या. दिल्लीची १७२४ सालची. मथुरेची आज नामशेष झाली आहे, आणि जयपूरच्या वेधशाळेचा २०१० साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

जयसिंगाने आपल्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या फार्सी ग्रंथाच्या प्रस्तावनेत ही दगडी यंत्रे का बांधली त्याची कारणे दिली आहेत, आणि ती एखाद्या कसबी कारागिराने सांगावी तशी आहेत. प्रथम त्याने पितळेची यंत्रे करविली होती. पण ती लहान. त्यांच्यावर अंशाचे बारीक भाग पाडता येईनात आणि पाडले तरी वाचता येईनात. त्यांचे आस झिजत, डगमगत. वर्तुळाचे मध्य सरकत. यंत्राची पातळी ढळे. म्हणून त्याने दगड व चुना घेतला आणि वेध घेणाऱ्या माणसाच्या मानाने यंत्र अवाढव्य मोठे केले. शिवाय एका जागी घेतलेला वेध खरा की खोटा हे पडताळता यावे, यासाठी तशीच यंत्रे दूरदूरच्या शहरांत बांधली.

उज्जैनचे सम्राटयंत्र पाहिले म्हणजे या विचाराचे मूर्त रूप ध्यानात येते. मधोमध सुमारे २२ फूट उंचीची त्रिकोणी भिंत आहे. तिचा उतार २३ अंश ११ कलांचा, म्हणजे उज्जैनच्या अक्षांशाइतका. त्यामुळे ती भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर राहून ध्रुवाकडे रोखलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंस वर्तुळाच्या चतुर्थांशाएवढ्या दोन कमानी आहेत. सकाळी भिंतीची सावली पश्चिमेच्या कमानीवर पडते आणि दुपारनंतर पूर्वेच्या. कमानीवर कोरलेल्या खुणांपैकी सावलीची कड जेथे असेल ती वेळ. यात किल्ली द्यावी लागत नाही, चाक फिरवावे लागत नाही, डोळा लावावयास नळीही लागत नाही.

नाडीवलययंत्र तर याहून चतुर. विषुववृत्ताच्या पातळीत कललेला एक गोल, त्याला उत्तरेकडे एक तोंड आणि दक्षिणेकडे एक. सूर्य सहा महिने विषुववृत्ताच्या उत्तरेस असतो, तेव्हा उत्तरेचे तोंड उजळते. उरलेले सहा महिने दक्षिणेचे. सूर्य कोणत्या गोलार्धात आहे हे पाहणाऱ्याने आधी माहीत करून घेण्याची गरज नाही. ज्या तोंडावर ऊन असेल ते वाचावे. कोठे पाहावे हे यंत्र आपण होऊनच सांगते. वापरणाऱ्याच्या हातून चूक घडण्याची वाटच रचनेने बंद करावयाची, हा गुण आजचे रचनाकारही सर्वांत श्रेष्ठ मानतात.

असे असले तरी जयसिंगाच्या यंत्रांची मर्यादाही सांगितली पाहिजे. सूर्य हा बिंदू नाही. आपल्या दृष्टीस तो सुमारे अर्ध्या अंशाचे बिंब आहे. त्यामुळे सावलीची कड रेखीव नसते, ती फिकट होत होत उन्हात मिसळते. यंत्र जितके मोठे तितक्या खुणा सुट्या होतात, पण तितकीच ही धूसर पट्टीही रुंदावते. जयपूरच्या प्रचंड सम्राटयंत्रावर सावली सेकंदास सुमारे एक मिलिमीटर सरकते, तथापि धूसर पट्टी कित्येक बोटे रुंद असते. तेथे अनुभवी वेधकर्ता बारीक काडी वा दोरा धरून खरी कड शोधतो. नवख्याला ते साधत नाही. म्हणजे यंत्रावर कोरलेली सूक्ष्मता आणि माणसाच्या डोळ्याला प्रत्यक्ष लाभणारी सूक्ष्मता यांत अंतर राहतेच.

जयसिंग याविषयी डोळस होता. युरोपात काय चालले आहे हे समजून घेण्यासाठी १७२७ च्या सुमारास त्याने येशूसंघाचे पाद्री मान्युएल द फिगेरेदो यांच्यासोबत गोव्याच्या मार्गे पोर्तुगालला एक मंडळ पाठविले. ते काही वर्षांनी फ्रेंच ज्योतिषी ला ईर याची कोष्टके घेऊन परतले. जयसिंगाने ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली. चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक आणि ग्रहणाच्या वेळेत सुमारे १५ पळांचा, म्हणजे सहा मिनिटांचा, फरक त्याला आढळला. परदेशातून आलेले म्हणून त्याने ते मस्तकी धरले नाही, आणि परक्याचे म्हणून टाकूनही दिले नाही. आकाशाला विचारून त्याने निर्णय केला.

जयसिंगाच्या हयातीतच माळवा मराठ्यांकडे आला आणि उज्जैन शिंद्यांचे झाले. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी आपले ठाणे ग्वाल्हेरला नेईपर्यंत ती त्यांची राजधानी होती. वेधशाळा मात्र दुर्लक्षित राहिली. तिचे भाग्य उजळले ते १९२३ साली. सिद्धांतवागीश नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्या शिफारशीवरून महाराज माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. आज ती जिवाजी वेधशाळा या नावाने ओळखली जाते. क्षितिजाच्या पातळीत बांधलेल्या वर्तुळाकार ओट्यावरील शंकुयंत्र आपट्यांच्याच देखरेखीखाली झाले. मध्यभागी एक सरळ शंकू उभा आणि ओट्यावर त्याच्या सावलीच्या रेषा. २१ मार्चला आणि २३ सप्टेंबरला सावलीचे टोक दिवसभर एकाच सरळ रेषेवरून सरकत जाते. दिवस आणि रात्र समान आहेत, ही गोष्ट शाळकरी मुलालाही तेथे डोळ्यांनी पाहता येते. भारतातील जुन्या वेधशाळांत केवळ स्मारक न राहता जिच्यात नित्य काम चालते अशी म्हणून उज्जैनची ख्याती झाली, तिची मुहूर्तमेढ त्या जीर्णोद्धाराने रोवली गेली.

दरम्यान वेळेचेच स्वरूप पालटले होते. आगगाडी आली, आणि प्रत्येक गावाची आपली वेगळी माध्यान्ह ठेवणे अशक्य झाले. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची वेळ ही साऱ्या देशाची प्रमाणवेळ ठरली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे. मुंबईकरांनी या बदलाला कसून विरोध केला आणि काही ठिकाणी जुनी ‘बाँबे टाइम’ १९५५ पर्यंत पाळली गेली. उज्जैनचा रेखांश ७५ अंश ४६ कला, म्हणून तेथील मध्यम वेळ प्रमाणवेळेच्या २७ मिनिटे मागे. शिवाय पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळ नसल्याने आणि तिचा आस कललेला असल्याने सूर्य वर्षभर समान गतीने चालल्यासारखा दिसत नाही. त्याचा फरक आणखी वेगळा. आरंभी सांगितलेले साडेदहा ते एक्केचाळीस मिनिटांचे अंतर पडते ते या दोहोंच्या बेरीज-वजाबाकीमुळे. वेधशाळेने सम्राटयंत्रापाशी तारीखवार मिनिटांचे कोष्टक लावले आहे. सावलीची वेळ वाचावी, कोष्टकातील मिनिटे मिळवावी, प्रमाणवेळ हाती येते. सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच्या यंत्राला आणि आजच्या पाहुण्याला जोडणारा दुवा म्हणजे ती साधी पाटी होय. एखादे यंत्र कितीही थोर असले तरी अशा पाटीवाचून ते अनोळखी माणसापुढे मुके राहते.

टॉवर चौकातील घड्याळासारखी सार्वजनिक घड्याळे याच प्रमाणवेळेच्या युगाची अपत्ये. मनोऱ्यावरील घड्याळ पाहावयास जोशी लागत नाही, घडियाली लागत नाही, खिशात पैसाही लागत नाही. मान वर करता आली म्हणजे पुरे. आणि ज्याला पाहता येत नाही त्याच्यासाठी घंटा. मुंबईच्या राजाबाई टॉवरविषयी एक आख्यायिका आहे. १८७८ साली पुरा झालेला हा मनोरा प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव देण्यात आले. त्या दृष्टिहीन होत्या आणि जैन व्रताप्रमाणे सूर्यास्तापूर्वी भोजन करीत. मनोऱ्याच्या घंटेमुळे त्यांना कोणाला न विचारता वेळ कळू लागली, असे सांगतात. वसईच्या गावांतून चर्चची घंटा सकाळ, दुपार, संध्याकाळ वाजते, तेव्हा शेतात वाकलेल्या माणसाला मानसुद्धा वर करावी लागत नाही. ‘कोणाला न विचारता’ हे तीन शब्द फार मोलाचे आहेत. चांगले साधन माणसाला वेळ देते, आणि त्याहून अधिक म्हणजे त्याचे स्वावलंबन देते.

मराठी घरांत हेच कार्य एका निराळ्या साधनाने केले. पंचांग हे परंपरेने जाणकारांचे पुस्तक. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण यांची घटकापळांतील कोष्टके सामान्य गृहिणीला उलगडत नसत. एकादशी आज की उद्या, हे विचारावयास कोणाच्या तरी दारी जावे लागे. १९७३ साली जयंतराव साळगांवकर यांनी ‘कालनिर्णय’ काढले आणि ते पंचांग भिंतीवर आणून टांगले. महिन्याचे एक पान, तारखेचा ठळक आकडा, त्याच चौकोनात तिथी, सण, संकष्टीचा चंद्रोदय घड्याळी वेळेत. हिंदू सणांच्या बरोबरीने ईद, नाताळ व पतेतीही त्याच पानावर. घरोघरच्या स्त्रियांनी त्याच चौकोनांत दुधाचा हिशेब आणि गॅसच्या टाकीची तारीख लिहावयास प्रारंभ केला. वापरणाऱ्याने एखादी वस्तू आपलीशी केल्याची याहून चांगली खूण कोणती?

मनगटी घड्याळाची कथाही थोडक्यात सांगण्याजोगी आहे. १९६१ पासून एच. एम. टी. या सरकारी कारखान्याने घड्याळे करावयास घेतली. देवनागरी आकड्यांच्या तबकड्या त्याने केल्या, तसेच अंधांसाठी झाकण उघडून बोटांनी चाचपता येईल अशी ब्रेल घड्याळेही केली. पुढे अंकी घड्याळांचे युग आले. ती स्वस्त होती, अचूक होती. पण तीनचार बारीक बटणांपैकी कोणते किती वेळ दाबले असता गजर लागतो, हे लक्षात ठेवण्याचे ओझे मालकाच्या माथी आले. कळसूत्र वाढले आणि समजूत मागे पडली. पुष्कळ घरांत घड्याळ लावण्यासाठी नातवाला हाक मारण्याचा प्रघात येथूनच सुरू झाला.

आज घड्याळ, पंचांग, टपाल, बँक आणि कचेरी ही सारी एका काचेच्या पडद्यात येऊन बसली आहेत. यात उजेडाची बाजू मोठी आहे. २०१६ साली देशात यूपीआयची व्यवस्था सुरू झाली. फ्रीगंजच्या बाजारात, तसेच देशातील कोणत्याही बाजारात, किराणा दुकानदाराच्या गल्ल्याजवळ एक लहानशी बोलकी पेटी दिसते. गिऱ्हाइकाने फोनवरून पैसे दिले की ती मोठ्याने रक्कम सांगते. दुकानदाराचे हात तराजूत गुंतलेले, डोळे मालावर, दुकानात गर्दी. अशा वेळी फोन उघडून संदेश वाचावयास त्याला सवड नसते. ही अडचण ज्याने ओळखली त्याने बाबराच्याच वाटेने विचार केला. त्या पेटीचा आवाज म्हणजे घडियालाचा टोलच.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. पूर्वी त्यासाठी बँकेत जावे लागे. २०१४ पासून तो अंगठ्याच्या ठशावर आणि २०२१ पासून चेहऱ्यावरूनही घरबसल्या देण्याची सोय झाली. सोय खरी, आणि अंथरुणाला खिळलेल्यांना ती वरदानच. पण कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा उमटत नाही, अक्षरे बारीक असतात, ओटीपीचा अवधी चष्मा सापडेपर्यंत संपून जातो, आणि पडद्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच उमटते. काय चुकले, ते मात्र उमटत नाही. मग वृद्ध माणूस चौकातल्या ‘ऑनलाइन’ दुकानाची पायरी चढतो, अनोळखी तरुणाच्या हाती फोन देतो आणि आपला गुप्त आकडाही सांगून टाकतो. पंचांगाच्या कोष्टकांपुढे जी अगतिकता होती तीच येथे नव्या वेषात परत येते, आणि यावेळी पणाला लागलेली असते ती आयुष्यभराची पुंजी.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही, हे आता देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे. बँकेचे खाते किंवा फोनचे सिमकार्ड घेताना आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून उघडाव्या लागत. आम्लहल्ल्यात ज्यांचे डोळे व चेहरा भाजून गेले, त्यांनी ते कसे करावे? जन्मांधाने आपला चेहरा चौकटीच्या मधोमध कसा आणावा? अशा पीडितांनी दाद मागितली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा अधिकार हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. आणि ही पद्धत सर्वांना सुलभ करण्यासाठी वीस निर्देश दिले. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा यापूर्वीच होता. त्यातील तत्त्वाला पडद्यावर उतरविण्याची जबाबदारी आता निःसंदिग्धपणे साधन घडविणाऱ्यावर आली.

येथे एक आक्षेप घेतला जातो. सर्वांना समजेल असे साधन केले म्हणजे ते बाळबोध होते, आणि सुरक्षितताही उणावते, असे पुष्कळ अभियंते म्हणतात. त्यात तथ्याचा अंश आहे; कुलूप उघडावयास थोडे तरी श्रम हवेतच. परंतु इतिहास पाहता असे दिसते की, सुबोधतेने अचूकता क्वचितच गमावली आहे. बाबराचे टोल वाढले, घटका पूर्वीइतकीच राहिली. नाडीवलयाला दोन तोंडे दिली, सूर्याची गती बदलली नाही. कालनिर्णयाच्या चौकोनात तिथी आली, ती पंचांगातलीच. ज्ञान तेच राहिले, फक्त ते उतरवून घेण्याचे कष्ट जाणत्याने स्वतःकडे घेतले.

उज्जैनला या विचाराची कसोटी लवकरच लागावयाची आहे. २०२४ साली वेधशाळेच्या परिसरात एका उंच मनोऱ्यावर सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत तीस मुहूर्त मोजणारे विक्रमादित्य वैदिक घड्याळ बसविण्यात आले. सावली आणि काटे यांच्या जोडीला वेळेची ही तिसरी भाषा तेथे आली आहे. २०२८ साली क्षिप्रेच्या काठी पुन्हा सिंहस्थ भरेल. देशाच्या कानाकोपऱ्यातून यात्रेकरू येतील. त्यांत निरक्षर असतील, हिंदी न जाणणारे असतील, आणि गर्दीत हात सुटलेली एखादी वृद्धाही असेल. तिच्यासाठी फोनवरील नकाशे असतील, फलक असतील, ध्वनिक्षेपक असतील. ते सारे किती आधुनिक आहेत हा प्रश्न तिच्या दृष्टीने गौण आहे. फलकावर अक्षराशेजारी चित्र आहे काय, घोषणा तिला कळणाऱ्या भाषेत होते काय, आणि कोणाला न विचारता तिला आपल्या घाटाची, आपल्या माणसांची वाट सापडते काय, एवढेच तेव्हा महत्त्वाचे ठरेल. ज्यांच्या हाती आज त्या योजना आहेत त्यांनी मध्यरात्री तीन टोल ऐकून दचकलेल्या त्या माणसाचा विचार एकवार अवश्य करावा.